पाकळी कुणीकडे वळवायची, प्रज्ञा?

प्रज्ञा,

काल दुपारी सावद्यात केळीच्या बाजारातल्या त्या गच्चीवर मी एकटीच उभी होते. उन्हं कलायला लागली होती. खाली घड भरायची घाई, ट्रकांची रांग, कापलेल्या दांड्यांचा ओलसर तुरट वास. ज्याच्या त्याच्या कानाला फोन, नाहीतर हात लांब करून पलीकडच्याला माल दाखवणारा फोन. कुणाचंही बोलणं तुटत नव्हतं. आणि मी वर, आपण लावलेल्या अँटेनाच्या त्या पांढऱ्या पाटीखाली, तुझ्याशी भांडत होते. मोठ्यानं, हातवारे करून. शेजारच्या गच्चीवर एक बाई मिरच्या वाळत घालत होती. तिनं एकदा वळून पाहिलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागली. मी फोनवर बोलतेय असंच तिला वाटलं असणार. हल्ली एकटं बोलणाऱ्या माणसाला कुणी वेडं समजत नाही, ही तेवढी आपल्या धंद्याची कृपा.

तू जाऊन अजून महिनाही झालेला नाही. ऑफिसात तुझा फोटो लावलाय, खाली तुझं पद, तुझं शिक्षण, तू कुठे कुठे काम केलंस ते सगळं छापलंय. त्यात एकही चूक नाही आणि त्यात तू कुठेच नाहीस. म्हणून हे लिहायला बसले. कुणाला दाखवायचं म्हणून नव्हे. आपलं भांडण अर्धं राहिलंय, म्हणून.

तुला आठवतं, पहिल्यांदा तू मला तुझ्या कर्ण्यांची गोष्ट सांगितलीस ते? धुळ्यात, देवपूरच्या कॉलेजात आपण दुसऱ्या वर्षाला होतो. मी सावद्याहून आलेली, वसतिगृहात राहणारी, घरच्या आठवणीनं सारखी नाक ओढणारी. तू तिथलीच, पांझरा नदीच्या अलीकडच्या गल्लीतली, सायकलवरून येणारी. अँटेनाचा तास नुकताच संपला होता आणि मला त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं. सरांनी फळ्यावर फुलाच्या पाकळ्यांसारख्या आकृत्या काढल्या होत्या. अँटेनातून निघालेली शक्ती कुठल्या दिशेला किती जाते त्याचं ते चित्र. मी वहीत नुसती फुलं काढून आले होते.

पुलावर सायकल टेकवून तू म्हणालीस, "आमच्या गल्लीत जयंतीला दोन टोकांना दोन कर्णे लावतात. दोन्हींवर एकच गाणं. लहानपणी मी मधून चालत जायचे. एका जागी गाणं छातीत घुसायचं. जरा पुढे गेलं की एकदम पातळ. आणखी पुढे गेलं की पुन्हा मोठं. मला वाटायचं, गाणारा माणूस मधेच दम घेतोय. मग मी गाणं कुठे कुठे हरवतं त्या जागा शोधत फिरायचे. आई शोधून शोधून दमायची मला."

"मग?"

"मग आज कळलं ना. दोन लाटा बरोबर येऊन भेटल्या तर मोठ्या होतात, उलटसुलट भेटल्या तर एकमेकींना खातात. शुभे, आता असं बघ. एका कर्ण्याचं गाणं अगदी किंचित उशिरा सोडलं, तर ती मोठ्या आवाजाची जागा सरकेल. कर्णे जागचे हलवायचे नाहीत. गाणं हलवायचं. म्हणजे गाणं मी तुझ्याकडे वळवू शकते, किंवा त्या पलीकडच्या म्हशीकडे."

नदीच्या कोरड्या पात्रात खरंच एक म्हैस बसली होती. आपण दोघी किती हसलो. पण त्या दिवशी मला जे कळलं ते कळलंच. पुढची सगळी वर्षं मी त्याच एका वाक्यावर पोट भरलं. गाणं हलवायचं. आज आपल्या पाटीत दोन कर्ण्यांच्या जागी छोट्या छोट्या अँटेनांच्या ओळीच्या ओळी असतात, आणि कुणी किती उशिरा गायचं ते यंत्र क्षणोक्षणी ठरवतं. बाकी फरक काही नाही.

मग आपण दोघी जळगावला, एकाच कंपनीत, एकाच खोलीत. कामाचे पहिले दिवस मला आता झोपेतून पाहिल्यासारखे आठवतात. गाडीत पुढे फोन चिकटवलेले असायचे. ते आपोआप कॉल लावायचे, आपोआप तोडायचे, पुन्हा लावायचे. कुणाशीच न बोलणारे फोन. माझ्या मांडीवर लॅपटॉप, आणि त्यावर आपण जाऊ तसा रस्ता रंगत जायचा. चांगली रेंज असेल तिथे हिरवा, मग पिवळा, मग लाल. अमळनेर, पारोळा, धुळे, आणि पुढे हमरस्त्यानं वर. भर दुपारी सोनगीरचा किल्ला उन्हात असा थरथरायचा, की तो डोंगरावर आहे की हवेत हेच कळायचं नाही. रस्त्यावर पुढे पाणी साचलेलं दिसायचं आणि आपण जवळ गेलो की ते आणखी पुढे सरकायचं. तू मागच्या सीटवर पाय वर घेऊन झोपलेली. मधेच डोळे न उघडता विचारायचीस, "कुठला रंग?"

मी "हिरवा" म्हटलं की तू कूस बदलायचीस. "पिवळा" म्हटलं की नुसतं "हं". पण "लाल" म्हटलं की उठून बसायचीस, ओढणीनं तोंड पुसायचीस आणि काच खाली करून बाहेर बघायचीस. म्हणायचीस, "इथे कोण राहतं गं?"

मला त्याचा राग यायचा. लाल म्हणजे तिथे काय बिघडलंय, अँटेना किती झुकलाय, मधे काय आडवं आलंय, हे प्रश्न मला पडायचे. तुला माणसं आठवायची. एकदा तर तू गाडी थांबवून बांधावरच्या म्हाताऱ्याला खरंच विचारायला गेलीस आणि ओंजळभर ओले हरभरे घेऊन आलीस. ते आपण धुळ्यापर्यंत खात गेलो. हिरवा, पिवळा, लाल. हातांना हरभऱ्याची आंबट आंब लागलेली. मला अजून त्या दिवसाचा वेगळा असा शेवट आठवत नाही. वाटतं, गाडी अजून चालतेच आहे.

सावद्याचं काम मात्र मला लख्ख आठवतं. केळीचा हंगाम भरात आला की आमच्या गावात नेटवर्क गुदमरायचं. टॉवर होता, रेंजच्या काड्या पूर्ण होत्या, पण बाजार भरला की काही चालायचं नाही. माझे वडील, नाना, साधा केळी पिकवणारा माणूस, संध्याकाळी मला फोन करून करवादायचे, "शुभे, नुसतं गोल गोल फिरून राहिलं व हे! व्यापारी म्हनतो माल दाखव, मी काय दाखवू त्याले?" कंपनीनं मग ती नवी पाटी पाठवली, गर्दीसाठी बनवलेली. गावाबाहेर हमरस्त्याकडच्या आपल्या जुन्या टॉवरवर ती चढवली. आणि फरक पडला तो इतका थोडा, की साहेब म्हणाले, पाटीच खराब आली असेल, परत पाठवा.

आपण दोघी टॉवरच्या पायथ्याशी उभ्या होतो. तू बाजाराकडे तोंड करून उभी राहिलीस, हात लांब केलास आणि एक डोळा मिटलास.

"शुभे, बघ. इथून अख्खा बाजार माझ्या मुठीत मावतो."

मी म्हटलं, "मग?"

"मग पाटीला तो कसा दिसत असेल? एकच गठ्ठा. ती एकाच वेळी एकीकडे एक पाकळी आणि दुसरीकडे दुसरी पाकळी सोडू शकते, बरोबर? पण त्यासाठी माणसं वेगवेगळ्या दिशांना हवीत. इथून सगळी एकाच दिशेला आहेत. ती कुणाला कुणापासून वेगळं काढणार? पाटी खराब नाहीये. आपण तिला चुकीच्या जागी उभं केलंय. हिला बाजाराच्या मधोमध न्यायला हवं. माणसं हिच्या चहूबाजूंना पसरली पाहिजेत."

मला आकडेमोड करून जे दोन आठवडे लागले असते ते तुझ्या मुठीत मावलं. पुढची सगळी पायपीट आपण मिळून केली. गच्चीसाठी मालकांना, त्या म्हाताऱ्या आबांना, पटवायचं होतं. ते खाटेवर बसून म्हणाले, "माझ्या डोक्शावर हे ठेवसान, तं माझं डोक्शं तं नाही तापनार ना व पोरींनो?" मी नियमांचं भाषण सुरू केलं. तू मला थांबवलंस. म्हणालीस, "आबा, मी मोजायचं यंत्र घेऊन येते. तुमच्या खाटेपाशी ठेवते. तुमच्या डोळ्यांनी बघा. ठरलेल्या मर्यादेच्या वर काटा गेला तर मी स्वतः काढून नेईन." आणि तू खरंच यंत्र घेऊन आलीस, आणि आबांनी ते खाटेपाशी, देवघरापाशी, संडासापाशी, सगळीकडे ठेवून पाहिलं. मग म्हणाले, "बसव."

साहेबांनी तशाच आणखी दोन मागवून दिल्या आणि तीन बाजूंना तीन पाट्या लागल्या. दुसऱ्या दिवशी बाजार भरला. तू लॅपटॉपवर बघत होतीस आणि मी कठड्यावरून खाली. तेवढ्याच लहरी, तोच क्षण, आणि एक पाकळी वजनकाट्यापाशी उभ्या असलेल्याकडे, एक ट्रकच्या टपावर चढलेल्याकडे, एक चहाच्या टपरीकडे. एकाचं दुसऱ्याच्या आड येत नव्हतं. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही, प्रज्ञा. पण त्या संध्याकाळी मला दिसल्यासारखं झालं. सगळ्या बाजारावर काहीतरी उमलत होतं आणि मिटत होतं आणि पुन्हा भलतीकडेच उमलत होतं. नानांचा फोन आला. ते खालीच होते, मान वर करून आपल्याकडे बघत. "काय केलं व तुम्ही? दिल्लीवाला तिकून घडाच्या फण्या मोजून राहिला!" तू त्यांना वरून हात केलास. तुझा चेहरा तेव्हा कसा होता, ते मी कुणाला सांगू शकणार नाही.

त्यानंतर आपलं भांडण झालं.

आणखी एक तशीच पाटी आपल्या विभागाला मिळणार होती. एकच. मी म्हटलं, जळगावात कॉलेजांच्या आणि वसतिगृहांच्या पट्ट्यात लावू. तिथल्या मुलींचे अर्ज, परीक्षा, मुलाखती, सगळं फोनवर आणि संध्याकाळी सगळं ठप्प. तू म्हणालीस, सातपुड्याच्या पायथ्याला, त्या वरच्या पाड्यासाठी. तिथली लाल रेघ तू केव्हाची मनात धरून ठेवली होतीस. पाड्यावरच्या माणसांना फोन करायचा तर टेकडी चढून जावं लागायचं. तिचं नावच त्यांनी 'हॅलो टेकडी' ठेवलं होतं.

"प्रज्ञा, ही पाटी गर्दीसाठी आहे," मी म्हटलं. "मूठभर घरांसाठी नाही. ज्याचं काम त्यानं करावं."

"ती लांब पोचायलाही तितकीच चांगली आहे. सगळी ताकद एका पाकळीत घातली की पाकळी लांब जाते."

"जाते. पण तिथे ती दिवसभर रिकामी बसेल."

"रिकामी नाही गं. थांबलेली."

"शब्दांचे खेळ नको करूस. इकडे वसतिगृहातल्या शेकडो मुली आहेत."

"त्यांचा फोन लागत नाही, म्हणून त्या तक्रार करतात. तक्रार करायलासुद्धा फोन लागावा लागतो, शुभे. जे कधी बोललेच नाहीत त्यांचा आकडा तुझ्या तक्त्यात येणार कसा?"

मी म्हटलं, "म्हणजे मी माणसांचा विचार करत नाही, असंच ना?"

"असं मी कधी म्हटलं?"

"म्हणायला कशाला हवं!"

साहेबांनी माझ्या बाजूनं कौल दिला. पाटी जळगावला लागली. तू अभिनंदन केलंस, आणि नंतर काही दिवस डबा खिडकीपाशी एकटीनं खाल्लास. मी तुझ्या डब्यातल्या शेवभाजीचा वास घेत इकडे माझी पोळी चावत राहिले. आणि हे काल गच्चीवरही मी तुला सांगत होते, की माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. त्या मुलींपैकी कुणी ना कुणी आज नोकरीला लागली असेल. पण तुझं चुकलं होतं असंही मला म्हणता येत नाही. हे असं कसं, ते तू असतीस तर आपण शोधलं असतं. मला एकटीला ते जमत नाहीये.

तू काही हार मानून बसलीस नाही. गोदामात जुन्या पद्धतीचा, दुसऱ्या कुठल्या टॉवरवरून उतरवलेला एक अँटेना पडून होता. मोजक्याच पाकळ्या करू शकणारा. तू तो मागितलास. त्याला कुणाचीच ना नव्हती. आणि मग मला येऊन म्हणालीस, "चल ना माझ्याबरोबर. तुझ्याशिवाय मला कोन धरायला कंटाळा येतो." भांडण संपलं नव्हतं, तरी मी आले. आपलं असंच होतं.

टॉवर खालच्या गावात, आणि पाडा डोंगराच्या सोंडेआड, वर उतारावर. आपले सगळे अँटेना खाली मान घालून उभे असतात, गावाकडे बघत. हा तू वर बघायला लावलास. दिवसभर आपण तो थोडा थोडा वळवत होतो. मी टॉवरपाशी, तू वर पाड्यावर. मग शेवटी मीही वर आले, सागाच्या पानगळीतून, वाळलेली पानं पायाखाली मोडत. मोहाची फुलं पडायचे दिवस होते. अंगणाअंगणात ती वाळत घातलेली आणि सगळी हवा त्या गोड, जड वासानं भारलेली. मला चालता चालता झोप येत होती.

तिथल्या आशा सेविका रुमलीबाई, पावरा समाजाच्या. बाळंतपणाची गाडी बोलवायची तर त्यांनाच ती टेकडी चढावी लागायची, रात्र असो की पाऊस. त्या दारात बसून आपलं काम बघत होत्या. एकाएकी त्यांच्या कमरेच्या पिशवीत फोन वाजला. त्यांनी तो काढून नुसताच बघितला. घरात बसून वाजलेला फोन त्यांनी पहिल्यांदा पाहिला असावा. चोपड्याला आश्रमशाळेत शिकणारी त्यांची मुलगी होती पलीकडे. रुमलीबाई पहिलं वाक्य टेकडीवरच्या सवयीनं केवढ्यानं ओरडल्या! टेकडीवर ओरडूनच बोलावं लागायचं आणि सगळ्यांना सगळं ऐकू जायचं, कुणाची पाळी चुकली, कुणाचा नवरा पिऊन आला, सगळं. मग पलीकडून मुलगी काहीतरी म्हणाली. रुमलीबाई आपल्याकडे बघून लाजल्या, उठल्या, आत गेल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं. आतून नुसती कुजबुज.

तू दाराबाहेर मोहाच्या फुलांशेजारी बसून होतीस. मला म्हणालीस, "मायलेकींना हळू बोलता यायला लागलं." एवढंच. आपल्या भांडणातला मुद्दा म्हणून नव्हे. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तू पुसलंही नाहीस. त्या क्षणाबद्दल मी तुझी ऋणी आहे, आणि हे तुला सांगायचं राहिलं. मला वाटलं, सांगू सावकाश. आपल्याला कुठे घाई होती.

मग तुझा ताप उतरेना. मग तपासण्या, मग नाशिक. त्यातलं मी इथे काहीच लिहीत नाही, तुला त्याचा कंटाळा होता. "आजाराचं सोडून बोल," म्हणायचीस. मी दुपारच्या वेळी येऊन बसायचे. पडद्यातून गाळून आलेला पिवळट उजेड, गोळ्यांनी तुझे डोळे जड झालेले, आणि आपण पुन्हा त्याच गाडीत बसल्यासारख्या. तू मागच्या सीटवर, मी पुढे.

"शुभे, बाजार उठला का गं?"

"उठला."

"मग पाकळ्या मिटल्या असतील."

"मिटल्या. गर्दी नसली की यंत्र त्यांना झोपवतं, तूच तर लावून दिलंस तसं."

"आणि वरची?"

"ती जागी आहे."

"हं," म्हणून तू कूस बदललीस. एकदा झोपेतच म्हणालीस, सगळीकडे फुलं आहेत, पाय कुठे ठेवू? मी म्हटलं, ठेव कुठेही, ती पायाखाली येत नाहीत. तू हसलीस. तू जागी होतीस की नाही, मला अजून कळलेलं नाही.

तू गेलीस तेव्हा मी चोपड्याच्या रस्त्यावर होते. पुढचे ते फोन आपले कॉल लावत होते, तोडत होते, लावत होते, आणि त्यांच्यात माझा स्वतःचा वाजला. मला पटकन कळेचना, कुठला वाजतोय. गाडी थांबवून मी खाली उतरले. दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली रानं. ड्रायव्हर काही न विचारता लांब जाऊन उभा राहिला. परत येऊन बसले तर लॅपटॉप तसाच चालू होता. गाडी थांबली होती ती जागा हिरवीगार दाखवत होता.

देवपूरला तुझ्या घरी पुण्यानुमोदनाला सगळे जमले. पांढऱ्या कपड्यांतली केवढी माणसं, ओट्यावर, गल्लीत, समोरच्या घराच्या पायऱ्यांवर. बुद्धवंदना झाली. माणसं एकेक करून पांगली. मी आत स्वयंपाकघरात भांडी आवरायला गेले, तर तुझी आई तिथे चुलीशेजारी पाटावर बसली होती. तुझ्या आईला मी पहिल्या वर्षापासून मावशी म्हणते, तुझ्याइतकीच तिच्या हातची भाकर खाल्ली आहे. पण त्या दिवशी मी तिच्याकडे पाठ करून भांडी विसळायला घेतली.

तीच म्हणाली, "शुभा, बस आठे. माले एक सांग. बठ्ठा लोके म्हनतस, प्रज्ञानी मोठं काम करं. काय काम करे ती? माले तिनी कधी नीट सांगं नही. इचारं का म्हने, टावरनं काम शे, आई."

मी पाटाशेजारी जमिनीवर बसले. मी मावशींना सांगितलं, की पूर्वी टॉवर म्हणजे गल्लीत मोठ्यानं दवंडी देणारा माणूस असायचा, सगळ्यांना सारखंच ऐकवणारा. आता तो आधी कान देतो. कुणाचा फोन कुठून बोलतोय ते ऐकतो, आणि मग त्याचं बोलणं त्याच्याकडेच वळवतो. तुझ्याशी वेगळं, शेजारणीशी वेगळं, एकाच वेळी. म्हणून जास्त माणसं बोलू शकतात, आणि लांबची माणसंही बोलू शकतात. ते वळवायचं कसं आणि कुणाकडे, ते प्रज्ञा बघायची. सावद्याचा बाजार सांगितला. रुमलीबाई सांगितल्या. मावशी ऐकत होत्या. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

मग मी सहज त्यांचा फोन उचलला, आणि बघते तर त्यावर एक काडीसुद्धा नाही. तुझ्या घराच्या स्वयंपाकघरात! पांझरेपलीकडचा आपला टॉवर आणि हे घर यांच्या मधे ती नवी उंच इमारत उभी राहिली आहे, तिचा आडोसा. मला इतकी लाज वाटली. मी म्हटलं, "मावशी, हे मी करते. लॅपटॉप गाडीत आहे. कोन जरासा बदलला, एक पाकळी इकडे घेतली की झालं. उद्यापासून इथे बसून बोलता येईल तुम्हाला."

मावशी म्हणाल्या, "नको."

"अहो, काही त्रास नाही त्यात."

"तिनी बी इचारं व्हतं. मी नको म्हनं." मग त्यांनीच सांगितलं, "रोज दिवस मावळना का तिना फोन ये. आठे आवाज तुटे. ती म्हने, आई, बाहेर ये. मंग मी हात पुसीसन ओटावर जाऊ. बठ्ठी गल्ली देखे, इनी पोरना फोन उना. घरमा रेंज उनी ते मी बाहेर कसाले जासू?"

अख्ख्या गल्लीला तुझा फोन आलेला दिसायचा, हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. इतकी वर्षं एका खोलीत राहून, रोज संध्याकाळी तुला खिडकीपाशी "आई, बाहेर ये" म्हणताना ऐकून, मला वाटायचं, तुमच्या घरात माणसंच फार, म्हणून तू तिला बाजूला बोलवतेस. आणि तुझ्याशी एवढं भांडले मी, रेंज कुणाला द्यायची, आधी कुणाला, किती. कुणाला ती नकोही असू शकते, हे आपल्या दोघींपैकी तुला माहीत होतं. मला नव्हतं.

लॅपटॉप मी गाडीतच ठेवला. संध्याकाळच्या आत जळगावला निघाले. रस्ताभर डोळ्यांसमोरून पाणी हटत नव्हतं.

आज दिवस मावळला तसा मी फोन हातात घेतला. आपल्या खोलीतल्या खिडकीपाशी उभी राहिले. घंटा वाजत राहिली. मग आवाज आला, तुटका तुटका, मधले शब्द गळालेले. मी काही बोलायच्या आत मावशीच म्हणाल्या, "थांब माय, थांब. बाहेर येस."

भांडं खाली ठेवल्याचा आवाज. चपला. दाराची कडी. मग गल्लीचा सगळा कालवा एकदम माझ्या कानात आला, सायकलची घंटी, कुणाची तरी पोरं, आणि त्याच्यावर मावशींचा आवाज, मोठा, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा.

"हां, आते बोल. जेवनी का तू?"